शिकाऱ्यांचा संत, शुक्रवारची मासळी आणि वर्गातला एक प्रश्न

बावखल

नमस्कार मंडळी. मी वसईची, कॅथलिक. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर आठवी-नववीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. गेल्या रविवारी एका मुलाने वही उघडून माझ्यापुढे धरली. आत बाटलीचं एक लेबल चिकटवलेलं. काकाने नाताळात दुबईहून यॅगरमाइस्टर ही जर्मन दारू आणली होती, त्या रिकाम्या बाटलीवरून पाण्यात भिजवून सोडवलेलं. एक कोपरा तेवढा फाटला होता. चित्रात भरदार शिंगांचं हरीण आणि शिंगांच्या मधोमध चकाकणारा क्रूस.

"टीचर, हा क्रूस इथे कसा?"

मी सांगितलं, हे संत ह्युबर्टचं हरीण. ते कोणाचे संत? शिकाऱ्यांचे. झालं. "म्हणजे शिकार पाप नाही ना?" वर्गातल्या निम्म्या मुलांच्या फोनवर तेव्हा कोणीतरी रानडुक्कर मारल्याचा व्हिडिओ फिरत होता, त्यामुळे सगळे कान टवकारून बसले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, हे मी सांगितलं. पण पोरगा कायदा विचारत नव्हता, देवाचं म्हणणं विचारत होता. पुढच्या रविवारी सांगते म्हटलं आणि आठवडाभर बायबल घेऊन बसले आहे.

पहिली गोष्ट मला स्वतःलाच नव्याने दिसली. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला अन्न म्हणून बी देणाऱ्या वनस्पती आणि फळं देतो. मांसाचं नावच नाही. मांसाची मोकळीक येते ती नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर, नोहाला. तीही एका अटीवर: रक्तासकट खायचं नाही, कारण रक्त म्हणजे जीव. शिकारीचा नियम लेवीयाच्या सतराव्या अध्यायात आहे. खाण्याजोगं जनावर किंवा पाखरू शिकारीत मिळालं, तर त्याचं रक्त जमिनीवर ओतायचं आणि मातीने झाकायचं. मी हे वाचून थांबले. रानात कोणी बघायला नाही, तरी हातातलं काम थांबवून माती सारायची. मांस तुझं, जीव तुझा नाही.

शिकारी माणसं बायबलात आहेत. निम्रोद आहे, एसाव आहे. बापाला, इसहाकाला, एसाव आवडायचा तो त्याने आणलेल्या शिकारीच्या चवीमुळे, आणि पुढे त्याच चवीच्या पायी आंधळ्या म्हाताऱ्याची फसवणूक झाली. शिकार केली म्हणून एसावाला कुठे शिक्षा नाही. पण शिकारीची वाहवाही मला कुठे सापडली नाही.

आणि ते संत ह्युबर्ट. बेल्जियममधल्या लीजचे बिशप, ७२७ साली वारले. हरणाची कथा त्यांच्या नावाला पुष्कळ नंतर जोडली गेली. आधी ती संत युस्टेसची म्हणून सांगत. कथेत तरुण ह्युबर्ट शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सगळे चर्चमध्ये असताना, आर्देनच्या जंगलात हरणामागे धावतो. हरीण वळून उभं राहतं, शिंगांत क्रूस दिसतो, आणि तो घोड्यावरून उतरून गुडघे टेकतो. त्या दिवशी बाण सुटत नाही. शिकाऱ्यांनी ज्याला आपला संत मानलं, त्याची गोष्ट शिकार थांबल्याची आहे!

माझ्या घरी मटण होतं, सणाला डुकराचं इंद्याल होतं, मी आवडीने खाते. मला शाकाहाराचा प्रचार करायचा नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाला खरं आणि पुरतं उत्तर द्यायचं आहे. तुमच्या घरात, तुमच्या मंडळीत याबद्दल काय ऐकलंत?

नगरी_पाव्हणा

बावखलताई, आम्ही नगर जिल्ह्यातले प्रोटेस्टंट. पणजोबांच्या काळापासून अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये. तुमचा प्रश्न 'जीव मारावा का' असा आहे. आमच्या घरात मांसाचा प्रश्न कधी तसा आलाच नाही. तो 'कोण काय खातो, म्हणून तो कोण' असा आला.

गावात मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम आमच्या लोकांचं. त्याच ढोराचं मांस वाट्याला यायचं, आणि ते खाता म्हणून पुन्हा शिवायचं नाही. आधी भुकेने खायला लावायचं आणि मग खाल्लं म्हणून बाहेर ठेवायचं. मंडळीत येताना पणजोबांनी ते सोडलं, असं आजी सांगायची. घरात तो दिवस बाप्तिस्म्याइतकाच मोठा मानला जाई. पुढे १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा आजीच्या माहेरच्या बौद्ध झालेल्या शाखेतही तीच गोष्ट तितक्याच अभिमानाने सांगितली जाऊ लागली.

म्हणून प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय आमच्याकडे फार जवळचा. येशूचा शिष्य पेत्र यापो गावात दुपारी धाब्यावर प्रार्थनेला चढतो. भूक लागलेली असते. आकाशातून चार कोपऱ्यांनी सोडलेली चादर खाली येते आणि तीत सगळ्या जातींची जनावरं, सरपटणारे जीव, पाखरं. वाणी होते, ऊठ, मारून खा. पेत्र म्हणतो, मी कधी विटाळाचं खाल्लं नाही. असं तीनदा होतं. बरेच जण इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, मांस खायला परवानगी मिळाली. पण तो अध्याय पुढे वाचा. खाली दाराशी माणसं उभी असतात, कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीने पाठवलेली. पेत्र त्याच्या घरी जातो आणि सांगतो की कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये हे देवाने मला दाखवलं. चादर जनावरांची होती, धडा माणसांचा होता.

माझे आजोबा पाळक होते. हा अध्याय वाचताना त्यांचा आवाज दरवेळी त्याच ओळीवर भरून यायचा. वर्गातल्या मुलांना शिकारीबद्दल जे सांगायचं ते सांगा. पण मांस खाणारा हलका आणि न खाणारा सोवळा, असं काही त्यांच्या मनात बसू देऊ नका, ही हात जोडून विनंती.

मेरी_आत्या

बाळा, मी शास्त्र शिकलेली नाही, घरातलं सांगते. माझी सासू कोंबडी कापायची ती नेहमी मागच्या पडवीत, बाकीच्या कोंबड्या खुराड्यात कोंडून. एकीसमोर दुसरी कापायची नाही. आणि खुडूक बसलेली कोंबडी तर कधीच नाही, घरात पाहुणा आला तरी. पाहुण्याला अंड्याचं कालवण वाढायची. मी नवी होते तेव्हा एकदा म्हणाले, आई, हीच तर लठ्ठ आहे. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. पुढे कितीतरी वर्षांनी चर्चमध्ये वाचन झालं, बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातलं: घरट्यात आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली तर तिला पिलांसकट धरू नको, आईला जाऊ दे. मला तिची ती नजर आठवली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

शुक्रवारचंही मुलांना नीट सांग. उपवासकाळातल्या शुक्रवारी आपण मटण टाळतो आणि वर पापलेट तळतो, तर त्यात काय सोडलं? माझ्या लहानपणी शुक्रवारी सुका बोंबील आणि पेज असायची. आता त्या दिवशी माझ्या नातवंडांची मेजवानी असते. मला ते खटकतं.

माळकरी

बाहेरच्या माणसाने विचारलं तर राग मानू नका. आमच्यात तुळशीची माळ घातली की मांस सुटतं, आयुष्यभरासाठी. तुमच्यात असं काही व्रत आहे का? आणि ते घेणारा वरचा मानला जातो का?

बावखल

माळकरीदादा, राग कसला. आहे तसं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्या एकोणचाळिसाव्या प्रकरणात चार पायांच्या जनावरांचं मांस वर्ज्य केलं आहे, फक्त अगदी अशक्त आजाऱ्यांना सूट. कार्थुसियन मठांत आजही मांस शिजत नाही. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स घरांत तर साधा शेतकरीही वर्षातला जवळजवळ अर्धा काळ मांस, दूध, अंडी सोडतो. आपल्या केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांचा पन्नास दिवसांचा नोंबू, म्हणजे उपवास, असतो.

'वरचा मानला जातो का' या प्रश्नाचं उत्तर चर्चने फार लवकर देऊन ठेवलं आहे. चौथ्या शतकात गंग्रा इथे बिशपांची सभा भरली. श्रद्धेने मांस खाणाऱ्याला तारण नाही असं जो म्हणेल तो बहिष्कृत, असा तिचा ठराव आहे. सोडायला हरकत नाही, सोडून दुसऱ्याला हिणवायला हरकत आहे. प्रेषित पौल रोमकरांना पत्रात हेच लिहितो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. नगरीदादा, तुमची विनंती पौलाचीच आहे.

शिकारीबद्दल मात्र सूर वेगळा लागतो. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना शिकार आणि पाखरं धरणं बंद केलं. शिकारी कुत्रे आणि ससाणे पाळायलाही मनाई. त्याच्या आधी बाराव्या शतकात ग्रेशियनने चर्चच्या कायद्यांचा संग्रह केला, त्यात संत जेरोमच्या नावावर एक वाक्य आहे. त्याचा आशय असा की पवित्र शास्त्रात पवित्र कोळी सापडतात, पवित्र शिकारी एकही सापडत नाही. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या माझ्या मावशीला मी हे फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाली, पुन्हा एकदा वाच.

सामान्य ख्रिस्ती माणसाला शिकारबंदी नव्हती, हेही सांगायला हवं. धर्मपंडित थॉमस अक्वायनसने जनावर मारून खाणं पाप नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. आज कॅथलिक धर्मशिक्षण सांगतं की अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करायला हरकत नाही, पण त्यांना विनाकारण यातना देणं, विनाकारण मारणं माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही. 'विनाकारण' या एका शब्दावर सगळं येऊन थांबतं.

आत्या, शुक्रवारचं तुम्ही बोललात ते मी तुमचं नाव घेऊन वर्गात सांगणार आहे.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टला असतो, म्हणून त्या लेबलाबद्दल थोडं. बाटलीवर कडेने बारीक अक्षरांत जर्मन कविता छापलेली असते. तिचा भाव असा, की जनावरांना राखणं आणि वाढवणं हाच शिकाऱ्याचा मान, आणि प्राण्यात त्याच्या निर्मात्याला मान द्यावा. मुलाच्या लेबलाचा नेमका तो कोपरा फाटलेला नसेल तर त्याला दाखवा.

इथे ३ नोव्हेंबरला, संत ह्युबर्टच्या दिवसाच्या आसपास, खास मिस्सा होते आणि ऑर्गनच्या जागी शिकारीची शिंगं वाजतात. मी एकदा शेजाऱ्यासोबत गेलो होतो. वेदीजवळ हिरवे कोट घातलेली माणसं ओळीने उभी, हातात पितळी वेटोळी शिंगं. तो आवाज छातीत घुमतो. शेजारी स्वतः शिकारी आहे. इथे परवान्यासाठी अवघड परीक्षा असते. प्राणी, झाडं, रोग, कायदे, बंदूक, सगळ्याची. हरीण पडलं की शिकारी त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतो, त्याला शेवटचा घास म्हणतात. मला त्याने हे सांगितलं तेव्हा मी आपल्याकडच्या मृताच्या मुखातल्या तुळशीपत्राबद्दल त्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

जन्माने मी शाकाहारी घरातला. त्याच्या टेबलावरचं मांस मी खाल्लं नाही, पण तो माणूस बेफिकीर नाही एवढं मला कळलं.

तांबडी_माती

मी सावंतवाडीकडचा, आमचीही ख्रिस्ती वाडी आहे. वरचं सगळं वाचलं, चांगलं आहे. पण दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत डुकरांनी माझं रताळ्याचं अख्खं वाफं उकरून ठेवलं. सकाळी बायको बांधावर बसली ती उठेना. ज्याचं शेत जातं त्याच्यासाठी 'विनाकारण' हा शब्द वेगळा असतो, हे मुलांना सांगाल का?

आम्ही रीतसर अर्ज करतो, राखण करतो, कुंपण घालतो. मारायची हौस नाही. मला त्या व्हिडिओतलं मारणं नाही खटकत तेवढं त्यावरचं हसणं खटकतं. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायला सांगितली आहे, म्हणजे गरिबांनी खावं आणि त्यांच्यातून उरेल ते रानातल्या जनावरांनी खावं. देवाने त्यांचाही वाटा धरला आहे, मला मान्य आहे. पण माझ्या दीड एकरात त्यांचा वाटा किती, हे कोणी सांगत नाही.

पाणथळ

मी ख्रिस्ती नाही, पक्षी बघणारा आहे. पण ख्रिस्ती गावाने शिकार थांबवल्याची एक गोष्ट मला जवळून ठाऊक आहे, ती या धाग्यावर यायलाच हवी.

नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग धरण आहे आणि काठावर पांगती हे लोथा नागांचं गाव. राज्यातले बहुतेक लोक बॅप्टिस्ट. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सायबेरिया आणि ईशान्य चीनकडून अमूर ससाणे तिथे लाखांनी उतरतात. मूठभर पक्षी, दीडशे ग्रॅमच्या आसपास. तिथून भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिका. २०१२ साली बानो हारालू, रामकी श्रीनिवासन, आपले शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सू तिथे गेले. पक्षी जिथे रात्री बसतात त्या झाडांमध्ये मासेमारीची जाळी उभी ताणलेली होती. जाळ्यांतून काढलेले पक्षी जिवंत किंवा भाजून विकायला जात होते. त्या एका हंगामात लाखाच्या वर पक्षी मारले गेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. ते चित्रण जगभर गेलं.

पुढच्याच वर्षी, २०१३ ला, एकही ससाणा जाळ्यात मारला गेला नाही. एका वर्षात! वनखातं होतं, संस्था होत्या, पण गावपरिषद आणि चर्च सोबत नसते तर हे झालं नसतं. कारण जमीन गावाची, आणि रविवारी सगळं गाव एका छताखाली बसतं. चर्चमधून सांगितलं गेलं, मुलांचे गट झाले. त्या नोव्हेंबरात तीन पक्ष्यांवर उपग्रह-यंत्रं बसवून सोडले, त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. गावाच्या नावाचा पक्षी समुद्र ओलांडून गेला.

पण सोपं नव्हतं. धरणात जमिनी गेलेली माणसं जाळी लावत होती, त्या दोन महिन्यांच्या कमाईवर मुलांची फी निघत होती. तांबडी_माती यांचं म्हणणं म्हणूनच मला पटतं. पकडणाऱ्याला नुसतं पापी म्हणून पक्षी वाचला नसता. त्याच गावात आता लोक पाहुणे ठेवतात, पक्षी दाखवतात. सगळ्यांचं नुकसान भरून आलं असं मी म्हणणार नाही.

आणखी एक. खोनोमा हे अंगामी नागांचं गाव, शिकारीत नावाजलेलं. त्यांनी १९९८ साली स्वतःहून आपल्या डोंगराचा मोठा भाग राखीव केला आणि शिकार बंद केली, ट्रॅगोपन या रानकोंबड्याच्या जातीच्या पक्ष्यासाठी.

हेच अमूर ससाणे नोव्हेंबरअखेर लोणावळ्याच्या पठारावर आम्हाला दिसतात. वसईहून लांब नाही.

केडगाव_स्टेशन

पंडिता रमाबाईंची आठवण कोणीच काढली नाही म्हणून लिहिते. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण ताटातला शाकाहार त्यांनी तिथेही सोडला नाही. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा नाही. ज्यांच्या आश्रयाला होत्या त्या मठातल्या भगिनींना तो जातीचा अभिमान वाटला, तसं त्यांना सुनावलंही. रमाबाईंनी पत्रातून उत्तर दिलं, आणि आपल्या सवयी आपण ठरवू, या जागेवरून त्या हलल्या नाहीत.

नगरीदादांचा मुद्दा मी खाली टाकत नाही. शाकाहारात सोवळं दडलेलं असतं, हे खरंच. पण ख्रिस्ती झालीस तर आता मांस खाऊन दाखव, हीही सक्तीच. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही. रमाबाईंच्या पानात पुडिंग वाढणाऱ्यांनी ते पत्र वाचलेलं होतं.

नगरी_पाव्हणा

केडगावताई, पटलं. आजोबांच्या घरी शाकाहारी पाहुणा आला की त्या दिवशी सगळ्यांसाठीच वांग्याचं भरीत असायचं. वेगळी पंगत नाही. कारण कधी विचारलं नव्हतं, आज कळतंय.

बावखल

मंडळी, रविवार झाला.

फळ्यावर काही लिहिलं नाही. लेवीयातला तो रक्त झाकण्याचा नियम वाचला आणि मुलांना विचारलं, देवाने माती का टाकायला लावली असेल? एक मुलगी म्हणाली, लाज वाटावी म्हणून. दुसरा म्हणाला, नाही, कोणी मेलं की आपणही माती टाकतोच की. मी यापेक्षा चांगलं सांगू शकले नसते. मग चादरीची गोष्ट, खुडूक कोंबडीची, रताळ्याच्या वाफ्याची. व्हिडिओचा विषय मी काढलाच नाही. तास संपताना एकाने आपण होऊन तो फोनमधून काढून टाकला आणि मला दाखवला.

लेबलवाल्या मुलाने भिंगाने ती कविता शोधली. फाटलेल्या कोपऱ्यात दोन शब्द गेले आहेत, बाकी शाबूत आहे. नेकारकाठ, त्याला त्या ओळी जर्मनमध्ये उतरवून हव्या आहेत, व्यक्तिगत निरोप पाठवते.

पांगतीची गोष्ट ऐकून तोच म्हणाला, "पण टीचर, ससाणा पण शिकारीच ना? त्याला पाप लागतं?" मी एकशे चारावं स्तोत्र काढून वाचलं, तरुण सिंह गर्जना करून देवाजवळ आपलं भक्ष्य मागतात ते. त्याने पुन्हा वाचायला लावलं. म्हणाला, "मागतात? म्हणजे विचारून घेतात?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ वहीत काहीतरी काढत होता.

पाणथळ, नोव्हेंबरअखेरची एखादी तारीख सांगाल? मुलं सतरा आहेत, मी आणि आणखी दोन पालक. शनिवार असेल तर बरं, रविवारी मिस्सा असते.

पाणथळ

शनिवार ठरवू. तारीख पक्ष्यांची पहिली खबर आली की कळवतो, वाऱ्यावर असतं ते. चार दुर्बिणी माझ्याकडे आहेत, आणखी तीन मित्रांकडून आणतो. संध्याकाळी चतुर उडायला लागले की ससाणे खाली येतात, तेव्हा चारच्या आत पठारावर पोहोचा. मुलांना भडक रंगाचे कपडे नकोत.

मेरी_आत्या

डबे मी देते. शनिवार आहे ना, मग अंड्याचं कालवण आणि पिठाचे तळलेले फुगे. आणि कोणी न खाणारं असेल तर आधी सांग गं, सगळ्यांनाच भाजीचं करीन.